"भाईर झोपड्या, गावामधी मसन्वटी": वाईट दिवसांत सोबत राहिलेल्या काळ्या कविता

कृष्णाकाठ

चार वर्षं हे लिहायचं टाळतोय. आज लिहितो.

एप्रिल २०२१ मध्ये बाबा गेले. अकरा दिवस दवाखान्यात होते, त्यातले शेवटचे सहा दिवस आमचं बोलणं नाही. रात्री दोनला फोन आला. सकाळी स्मशानात मी आणि चुलतभाऊ, दोघंच. अंगात ते पांढरं किट, डोळ्यांवर चष्मा, हातात दुहेरी मोजे. बाबा पिशवीत. चेहरा बघायला मिळाला नाही. रांगेत आमचा नंबर सातवा होता. रडू आलं नाही. घरी येऊन आंघोळ केली, आईला चहा करून दिला आणि झोपलो.

तिसऱ्या की चौथ्या रात्री जाग आली तेव्हा डोक्यात एकच ओळ चालू होती. "जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे." मर्ढेकरांची. "पिपांत मेले ओल्या उंदिर" या कवितेतली. कॉलेजात ती आम्हाला अभ्यासाला होती आणि मला तिची शिसारी यायची. परीक्षेपुरती पाठ केली होती. वीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती. आणि त्या रात्री ती आपणहून आली, पूर्ण आली, एकही ओळ न गाळता.

त्यानंतर तीनेक आठवडे मला दुसरं काही वाचवत नव्हतं. नातेवाईक फोनवर संदेश पाठवत होते: आत्मा अमर आहे, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. प्रेमानंच पाठवत होते, पण मी ते उघडून परत मिटायचो. मर्ढेकरांची कविता मात्र रोज रात्री म्हणायचो. तिनं मला धीर दिला असं म्हणणार नाही. तिनं मला खोटं काही सांगितलं नाही, एवढं नक्की.

मला विचारायचंय ते असं. तुमच्या वाईट काळात अशी एखादी काळी कविता तुमच्याजवळ होती का? तिनं आधार दिला की आणखी खाली ढकललं? जे झालं ते लिहा. आणि कृपा करून ढकलपत्रातले सुविचार नकोत.

तापीकाठ

आधी तुमच्या वडिलांना नमस्कार.

मी जळगावकडचा. आमच्या बहिणाबाईंची "आला सास, गेला सास" सगळ्यांना माहीत असते, अगदी शोकसभेच्या पत्रिकेवर छापतात. पण २०२० च्या उन्हाळ्यात मला आठवली ती त्यांची दुसरीच कविता, "पिलोक". पिलोक म्हणजे प्लेग.

"पिलोक पिलोक, आल्या पिलोकाच्या गाठी / उजाडलं गांव, खयामयांमधी भेटी"

आणि पुढे

"पिलोक पिलोक, जीव आला मेटाकुटी / भाईर झोपड्या, गांवामधी मसन्वटी"

आमच्या बोलीत ळ चा य होतो, म्हणून खयामयांमधी म्हणजे खळ्यामळ्यांमध्ये. प्लेग आला की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे. माझी आजी सांगायची, "उंदरं पडू लागले का घरदार सोडाचं." आधी उंदीर मरायचे, मग माणसं. घरात मेलेला उंदीर दिसणं म्हणजे निरोप आला.

आता या चार ओळींकडे नीट बघा. "गाठीभेटी" हा आपला रोजचा जोडशब्द. सोयरिकीचा, लग्नकार्याचा, बाजाराचा. बहिणाबाईंनी तो मधोमध तोडलाय. गाठी आल्या त्या काखेतल्या, जांघेतल्या, प्लेगच्या. भेटी राहिल्या त्या शेतात, लांबून. अक्षराची ओळख नसलेल्या बाईनं हे केलंय. "उजाडलं" पण तसंच. सकाळ झाली आणि गाव ओस पडलं, दोन्ही एकाच शब्दात.

पण मला झोपू दिलं नाही ते शेवटच्या ओळीनं. भाईर झोपड्या, गावामधी मसन्वटी. गाव आणि स्मशान यांनी जागा बदलली. स्मशान नेहमी गावाबाहेर असतं, ते आत आलं. माणसं आत असतात, ती बाहेर गेली. २०२१ मध्ये आमच्या गल्लीतल्या अकरा घरांपैकी पाच घरांवर कुलपं होती. लोक मळ्यात राहायला गेले होते. मी रात्री गच्चीवर उभा राहून हीच ओळ म्हणत होतो.

एक आठवलं म्हणून सांगतो. मर्ढेकरांचं मूळ गाव साताऱ्याकडचं मर्ढे, पण जन्म आमच्याकडचा, फैजपूरचा, १९०९ चा. बहिणाबाई असोद्याच्या. एकाच मातीत, थोड्याच कोसांच्या अंतरावर दोघं जन्मली. एकानं पिपातले उंदीर लिहिले, एकीनं पिलोक. यातून काही सिद्ध करायचं नाही मला. पण हे जवळपण मला फार जपावंसं वाटतं.

जुनाखडू

छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली कित्येक वर्षं ही उंदरांची कविता. तेव्हा एक कबुली देतो. आम्ही ती मुलांना "आधुनिक माणसाचं एकाकीपण" असा शिक्का मारून शिकवली. तुम्हाला शिसारी आली असेल तर त्यात आमचाही वाटा आहे.

तुम्हाला ती वीस वर्षांनी सबंध आठवली, याचं एक कारण तिच्या चालीत आहे. सोळा मात्रांची ओळ. मोजून बघा: पिपांत मेले ओल्या उंदिर. आठ आणि आठ. जगायची पण सक्ती आहे, पुन्हा आठ आणि आठ. सरळ, पायात बसणारी, पाळण्याला झोका द्यावा तशी चाल. आत मात्र प्रेतं. चाल पोटात राहते आणि तिच्यासोबत आतलं सगळं राहतं.

दुसरं, "ओल्या" या शब्दावरून वर्गात दरवर्षी गोंधळ व्हायचा. मुलं म्हणायची ओले उंदीर. ओल्या हे उंदरांचं विशेषण नाही, ते पिपाचं. ओल्या पिपात उंदीर मेले. पण कवीनं शब्द असे सोडलेत की ओल उंदरांनाही चिकटते. व्याकरण एकीकडे आणि डोळ्यांपुढचं चित्र दुसरीकडे, दोन्ही खरं.

आणि "बेकलायटी". मुलं विचारायची, सर, हे काय? बेकलाइट हे पहिल्या कृत्रिम प्लास्टिकांपैकी एक, १९०७ सालचं. विजेची बटणं, टेलिफोन, रेडिओची पेटी त्याचीच असे. मर्ढेकर रेडिओत नोकरीला होते. दिवसभर त्या पेट्यांच्या सान्निध्यातला माणूस. बेकलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा तापवलं तरी वितळत नाही. कविता म्हणते की उदासपणाचे डोळे काचेचे आणि ओठांवर जमलेलं मधाचं पोळंही बेकलायटी. म्हणजे ओठाला ओठ लागला तरी मध्ये ऊब नाही. "काही कविता" हा संग्रह १९४७ चा. त्याआधीची वर्षं आठवा: महायुद्ध, १९४३ चा बंगालचा दुष्काळ, मुंबईत रेशनच्या रांगा, १९४४ च्या एप्रिलात गोदीतला स्फोट. माणसं ढिगानं मरत होती आणि ढिगानं मोजली जात होती.

मोगरा७

मी वेगळं सांगणार आहे, राग मानू नका.

माझे मिस्टर २०१९ मध्ये आजारी पडले आणि दीड वर्षानं गेले. त्यांच्या आजारपणात, मी आधीच गोळ्या घेत असताना, एका मैत्रिणीनं मला तांब्यांचं "जन पळभर म्हणतील हाय हाय" पाठवलं. तिला ते सुंदर वाटलं होतं. ते सुंदर आहेच. पण "मी जाता राहील कार्य काय?" हे वाचल्यावर मी रात्रभर जागी होते आणि डोक्यात जे आलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीला बोलावून घेतलं, तिनं मला डॉक्टरांकडे नेलं. म्हणून आज लिहू शकतेय.

तुम्ही सगळे जे लिहिताय ते खरं असेल. पण बुडणाऱ्या माणसाला विहीर किती खोल आहे ते कशाला सांगायचं? त्या दिवसांत मला वाचवलं ते डब्यांनी. शेजारच्या चार घरांत सगळे आजारी होते, मी रोज बारा डबे करत होते. कणीक मळताना कविता लागत नाही.

माझं एवढंच म्हणणं आहे की कुणाला अशी कविता पाठवण्याआधी फोन करा. आज कशी आहेस, विचारा. मग ठरवा.

कृष्णाकाठ

मोगराताई, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

माझी कविता माझ्याकडे आपणहून आली होती, तुम्हाला ती कुणीतरी धाडली. हा फरक मी धागा काढताना लक्षातच घेतला नव्हता. तुमचं शेवटचं वाक्य मी माझ्यासाठी लिहून ठेवलंय.

ग्वाल्हेरचा

तांब्यांचं नाव निघालं म्हणून थोडं लिहितो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरचे मराठी. तांबे इथले राजकवी, इथेच १९४१ मध्ये गेले. आमच्या घरी "जन पळभर" हे दुःखाचं गाणं म्हणून कधीच म्हटलं गेलं नाही. आजोबा बागेला पाणी घालताना गुणगुणायचे. सूर्य तळपतील, चंद्र झळकतील, तारे आपला क्रम चालवतील. आपण गेल्यावर कुणाचं काही अडणार नाही, यात त्यांना मोकळं वाटायचं. मोगराताईंना त्याच ओळींनी काय केलं ते वाचलं. दोन्ही खरं आहे. आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांच्या मागे कुणाचं औषधपाणी अडलेलं नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

रात्रपाळी_निवृत्त

नमस्कार. मी कविता वाचणारा माणूस नाही. मुलगी वाचते, तिनं हे मला दाखवलं आणि म्हणाली बाबा तुम्ही लिहा. टाइप तीच करते आहे.

मी मुंबई महापालिकेत उंदीर मारायच्या खात्यात होतो. कागदावर आम्हाला मूषक संहारक म्हणतात. रात्री एका हातात बॅटरी, एका हातात काठी. एका रात्रीत तीस उंदीर मारून दाखवायचे. मार्केटच्या मागे, गटाराच्या कडेनं, गल्ल्यांतून. सकाळी ते मोजून द्यायचे.

मुलीनं मला ही कविता वाचून दाखवली. मी तिला म्हटलं परत वाच. मग परत वाच म्हटलं.

ज्यानं ही लिहिली त्यानं पिंपात वाकून बघितलेलं आहे. काठीनं मारलेल्या उंदराची मान मोडते. पाण्यात बुडवलेल्याची मोडत नाही, नुसती पडते. आमच्या चाळीत लहानपणी पिंजरा तसाच्या तसा नळाजवळच्या पिंपात सोडायचे. सुरुवातीला वर येतात, जाळीला तोंड लावतात, एकमेकांच्या अंगावर चढतात. दोन-तीन असले की तोंडाला तोंड लागतं, ते काही प्रेमानं नाही. मग उचकी देतात. खरंच उचकीच असते, दुसरा शब्द नाही. मग शांत. डोळे आधी काळे मण्यांसारखे असतात ते नंतर पांढुरके होतात.

"माना पडल्या, मुरगळल्याविण." हे साहेबांनी बरोबर लिहिलंय. नोकरीत एवढे उंदीर मारले, मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पोटासाठी करत होतो आणि रोगराई थांबावी म्हणून करत होतो, ते काम गरजेचं आहे. पण त्या "गरिब बिचारे बिळांत जगले" ला मला आमची दहा बाय बाराची खोली आठवली. आम्ही नऊ माणसं राहत होतो.

जुनाखडू

रात्रपाळी, आपण मला काका म्हणाल की मी आपल्याला म्हणू, माहीत नाही, पण नमस्कार घ्या. छत्तीस वर्षांत "मुरगळल्याविण" हा शब्द मी कधीच समजावून देऊ शकलो नव्हतो. आपण दोन वाक्यांत दिलात. मी त्याचा अर्थ "हिंसेशिवाय आलेलं मरण" असा सांगायचो आणि पुढे जायचो.

भामगिरी

वारीहून परवाच आलो. वाटेत हा धागा वाचत होतो.

काळ्या कवितेचं बोलायचं तर तुकोबांना सोडून कसं चालेल? आणि आपण तुकोबांना अर्धं सोडतोच. "आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य" हा अभंग तेराव्याला हमखास म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, संत होते, त्यांना मरणाचं काय. पण हाच माणूस दुसऱ्या अभंगात स्वतःची हकिकत सांगतो:

"दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली"

१६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. थोरली बायको भुकेनं गेली. "अन्न अन्न करितां". यात ना उपमा ना अलंकार. पैसा संपला, मान गेला, बायको मेली, ओळीनं सांगितलंय. दारात उभं राहून वाण्याला सांगावं तसं. मी हा अभंग पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा टाळ हातातच राहिला.

माझं म्हणणं असं की तो सोहळा ज्यानं पाहिला त्यानं आधी हे पाहिलंय. आपण लोकांच्या दुःखात सोहळा तेवढा नेऊन देतो आणि दुष्काळ घरी ठेवतो. म्हणून ते शब्द पोकळ लागतात. कृष्णाकाठ यांना आलेल्या त्या संदेशांचं तेच झालं असावं. शब्द खोटे नव्हते, मधला दुष्काळ त्यात नव्हता.

वॉर्डातली_सिस्टर

मी प्रसूती विभागात काम करते. बाळ पोटातच गेलेल्या आया आमच्याकडे येतात. पूर्वी अशी पद्धत होती की बाळ पटकन गुंडाळून न्यायचं, आईला दाखवायचं नाही, तिला त्रास होईल म्हणून. आता मी विचारते, घ्यायचंय का जवळ? बहुतेक जणी घेतात.

एकदा एकीनं बाळाला घेतलं आणि मला म्हणाली, सिस्टर, पंखा बंद करा, थंडी वाजतेय त्याला. मी पंखा बंद केला.

त्या दिवशी घरी आल्यावर मला शाळेतली "राजहंस माझा निजला" आठवली. गडकऱ्यांची, गोविंदाग्रज नावानं लिहिलेली. नवरा गेलेली आई, आता तान्हंही गेलंय, आणि ती लोकांना म्हणते, हळू बोला, माझा राजहंस निजलाय. "हें कोण बोललें बोला?" शाळेत आम्ही ही कविता हेल काढून म्हणायचो आणि हसायचोही, कारण बाई म्हणताना रडायच्या. मला आता कळतं की कवीनं त्या आईला वेडी ठरवलेलं नाही. तिला खरं काय ते सांगायला कुणालाही पुढे पाठवलेलं नाही. कवी गप्प उभा राहतो आणि तिला बोलू देतो. सबंध कवितेत कुणी पंखा चालू करत नाही.

ही कविता मी कुणा आईला कधीच वाचून दाखवणार नाही. मोगराताई म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. ती आम्हा सिस्टरांसाठी आहे. नवीन आलेल्या मुलींना मी ती वाचायला देते.

तापीकाठ

सिस्टर, हे वाचून काय लिहावं कळत नाही. ही कविता आईसाठी नाही, आईजवळ उभं राहणाऱ्यासाठी आहे, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

जुनाखडू

मर्ढेकरांविषयी अजून एक. "काही कविता" वर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि त्यातून ते सुटले. पुढे १९५६ मध्ये ते गेले. शेहेचाळीस वर्षांचं आयुष्य. तेव्हा लोकांना राग आला तो नुसत्या शब्दांचा नव्हता, असं मला वाटतं. स्वातंत्र्य उंबरठ्यावर, सगळीकडे तोरणं बांधायची घाई, आणि हा माणूस पिंप उघडून दाखवतोय. सणाच्या दिवशी कुणी घरातल्या आजाऱ्याचं नाव काढलं की आपल्याला जसा राग येतो, तसा तो राग असावा.

मोगराताई, तुमच्यासाठी एक. याच कवीनं "भंगू दे काठिन्य माझे, आम्ल जाऊ दे मनींचे" अशी प्रार्थनाही लिहिली आहे. मनातलं आम्ल जाऊ दे. फोन करून, आज कशा आहात ते विचारून मग पाठवायला हवी होती. पण तुमचा नंबर नाही, म्हणून इथेच देतो. नको असेल तर वाचू नका.

मोगरा७

वाचली, सर. ही चालेल मला.

"आम्ल" हा शब्द आवडला. मनात खरंच तेच साचतं, लोखंडाच्या डब्यात ताक राहिल्यासारखं.

माझं मत बदललेलं नाही, पण तापीकाठ यांची "पिलोक" मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, आमच्याकडे कविता वगैरे कुणी वाचत नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "आमच्या आईनं झोपडीत बाळंतपण काढलं होतं. पावसात." हे त्यांनी साठ वर्षांच्या संसारात कुणाला सांगितलं नव्हतं. मग तासभर सांगत बसल्या.

पहिलापाऊस

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इथे वयानं सगळ्यांत लहान असेन. माझा मोठा भाऊ २०२१ च्या मे महिन्यात गेला, सव्वीस वर्षांचा होता. मी एक कविता लिहिली होती, कुणाला दाखवली नाही. जुनाखडू सरांनी सोळा मात्रा सांगितल्या म्हणून मोजून पाहिल्या, आपोआप सोळाच आल्या होत्या. टाकतो. जसं वाटेल तसं सांगा.

अजून दारी चपला त्याच्या
टाचेखाली झिजल्या दोन्ही
ओटीवरती दिवा लागतो
उंबरठ्याला येतो कोणी?

फोनामध्ये नाव तसे ते
पुसायचे मज होतच नाही
हिरवा ठिपका शोधत बसतो
तीन वाजले, झोपच नाही

मृत्यू म्हणजे काळा सागर
जीवन म्हणजे फुटकी नौका
काळापुढती सारे हरती
वल्हवताना चुकतो ठोका

जुनाखडू

बाळ, तू "जसं वाटेल तसं" म्हणालास म्हणून सांगतो. तिसरं कडवं काढ. पहिली दोन तुझ्या घरातली आहेत, तिसरं पुस्तकातलं. काळा सागर आणि फुटकी नौका मी शेकडो वह्यांत वाचली आहे. टाचेखाली झिजलेल्या चपला मी आज पहिल्यांदा वाचल्या. "तीन वाजले, झोपच नाही" इथे थांब. त्याच्यापुढे काही सांगायची गरज नाही, वाचणाराही तिथे जागाच असतो.

आणि त्या चपला अजून दारात असतील तर असू देत.

रात्रपाळी_निवृत्त

मुला, तो हिरवा ठिपका म्हणजे काय ते मुलीनं मला सांगितलं. माणूस फोनवर चालू असला की दिसतो म्हणे. मला ते आधी माहीत नव्हतं. कविता कळली.

पहिलापाऊस

सर, तिसरं कडवं काढलं. ते मला पण खोटं वाटत होतं, पण शेवट पाहिजे म्हणून घातलं होतं.

चपला आहेत अजून. आई रोज त्या उचलते, खालचं झाडते आणि परत तिथेच ठेवते.

कृष्णाकाठ

काल वाईला चुलतभावाकडे गेलो होतो. स्मशानात माझ्याबरोबर होता तो. चार वर्षांत आम्ही त्या सकाळबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. सणावारी भेटतो, शेतीचं बोलतो, पोरांच्या फीचं बोलतो.

जेवण झाल्यावर अंगणात बसलो आणि मी त्याला हा धागा फोनवरून वाचून दाखवला. आधी विचारलं, ऐकणार का, म्हणून. तो हो म्हणाला. रात्रपाळी काकांचं ऐकताना मान हलवत होता. बेकलायटीचं सरांनी लिहिलेलं आलं तेव्हा म्हणाला, थांब, हे परत वाच. ओठाला ओठ लागला तरी मध्ये ऊब नाही, ते.

मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाला, "काकांना अग्नी दिल्यावर तू माझा हात धरला होतास. आठवतं?"

मला आठवत नव्हतं.

"धरला होतास. घट्ट. पण दोघांचे दोन-दोन मोजे. मला तुझा हात लागलाच नाही. मी नुसता बघत होतो, की धरलाय."